वर्कशॉपचा सब-बोर्ड: मोजणी न्यूट्रलपासून

घरातल्या छोट्या वर्कशॉपचा सब-बोर्ड, म्हणजे मेन बोर्डापासून पुढे वीज वाटणारा छोटा बोर्ड, हा आजचा विषय. जोडणी थ्री-फेज आहे असं धरू. टेबल सॉ 400 व्होल्टवर चालते, कॉम्प्रेसर आणि हातातली अवजारं 230 वर, आणि कपाटात एखादं 110 व्होल्टचं अवजारही आहे. असा बोर्ड करायचा म्हटलं की सगळे फेज मोजत बसतात. माझ्या मते मोजणी न्यूट्रलपासून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेपासून, सुरू करावी.

400 आणि 230 हे दोन वेगळे पुरवठे नाहीत. दोन फेजांमध्ये मोजलं की 400, एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं की 230. आता हा न्यूट्रल मध्येच सुटला असं समजा. एका फेजवर 1500 वॅटची हीट गन आहे, दुसऱ्यावर 100 वॅटचा साधा बल्ब. दोन्ही आता सिरीजमध्ये 400 व्होल्टवर आले. गनचा रोध सुमारे 35 ओहम, बल्बचा 529. म्हणजे बल्बवर जवळपास 375 व्होल्ट. त्या जागी बॅटरीचा चार्जर असेल तर तो गेलाच. एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही, कारण जादा करंट वाहतच नसतो.

म्हणून न्यूट्रल फेजइतकाच जाड घ्या. त्यात फ्यूज नको, सिंगल-पोल एमसीबीही नको. सब-बोर्डाच्या तोंडाशी फोर-पोल आयसोलेटर, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा स्विच, लावा. तारेच्या टोकाला लग (धातूचं टोपण) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, स्क्रू घट्ट आवळा आणि तार ओढून बघा. केबल पाच तारांचीच ओढा: तीन फेज, न्यूट्रल, अर्थ. सॉला न्यूट्रल लागत नाही म्हणून चार तारांवर भागवलं, की पुढे 230 चा सॉकेट हवा झाल्यावर कुणीतरी अर्थलाच न्यूट्रल बनवतं. मग अर्थ कुठे तुटला तर यंत्राच्या धातूच्या अंगातच वीज खेळते. याच कारणाने सब-बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवायच्या, एकमेकींना जोडायच्या नाहीत. 30 मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी (करंट अर्थकडे गळाला की वीज तोडणारे स्विच) असतील तर न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन. एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीत गेला की काहीही बिघडलेलं नसताना बोर्ड ट्रिप होत राहतो. दिवे सॉच्या आरसीसीबीखाली घेऊ नका; पातं फिरत असताना अंधार झालेला कुणालाच परवडत नाही.

तारेच्या जाडीचा हिशेब यंत्र चालू असतानाच्या करंटवर करून भागत नाही. 1.5 किलोवॅटचा सिंगल-फेज कॉम्प्रेसर साधारण 10 अँपिअर घेतो, पण सुरू होताना 60 पर्यंत जातो. 30 मीटर लांब, 4 चौ.मिमी तांब्याच्या तारेत तेव्हा सुमारे 16 व्होल्ट गळतात, म्हणजे 7 टक्के. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, तो 13-14 टक्के कमी होतो आणि मोटर कण्हत राहते. 6 चौ.मिमी घेतली तर ही घट साडेदहा व्होल्टवर येते. एमसीबीचंही तसंच: बी-कर्व्हचा 16 अँपिअरचा 48 ते 80 अँपिअरच्या दरम्यान झटक्यात पडतो, म्हणून 60 ला त्याचा भरवसा नाही. सी-कर्व्हचा 80 च्या पुढेच पडतो. कॉम्प्रेसरला सी लावा, मात्र अर्थिंगचा मार्ग कमी रोधाचा असल्याची खात्री आधी करून घ्या.

सॉला स्टार्टर हवाच. ओव्हरलोड रिले असला की एक फेज गेल्यावर मोटर जळण्याआधी सुटते, आणि नो-व्होल्ट कॉइलमुळे गेलेली वीज परत आली तरी पातं आपोआप फिरू लागत नाही.

110 साठी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंची वेटोळी वेगळी असलेला) घ्या, एकाच वेटोळ्याचा ऑटोट्रान्सफॉर्मर नको. आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची करंटची गळती अलीकडच्या आरसीसीबीला दिसत नाही, म्हणून 55-0-55 चा, मधला टॅप (वेटोळ्याच्या मधोमध काढलेली तार) अर्थ केलेला बरा; अर्थपासून मग 55 व्होल्टच राहतात. सॉकेटचे रंग ठरलेले आहेत: 110 ला पिवळा, 230 ला निळा, 400 ला लाल. अवजार 60 हर्ट्झच्या इंडक्शन मोटरचं असेल तर 50 हर्ट्झवर ते सावकाश फिरतं आणि तापतं. कार्बन ब्रशच्या मोटरला याचं सोयरसुतक नसतं.

मेन बोर्डातली जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वीज सोडण्याआधी अर्थची सलगता तपासा, मग चार्जर वगैरे इलेक्ट्रॉनिक वस्तू काढून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन बघा; 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर दोष सापडेपर्यंत थांबा. शेवटी सॉचं पातं काढून मोटर क्षणभर फिरवा. उलटी फिरली तर कोणतेही दोन फेज बदलायचे, पण आधी सगळ्या लाल सॉकेटांचा फेज-क्रम एकच आहे ना ते पाहा. सॉकेट चुकला असेल तर सॉकेटात बदला, तो बरोबर असेल तर मोटरच्या टर्मिनलवर.