अवघडलेली पाठ

(दृश्य: पत्र्याचा गाळा, अर्धे उघडलेले शटर, दारात रांग.)

जुलैचा शेवटचा आठवडा आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, मोंढ्याच्या रस्त्यावर असलेल्या या सेवा केंद्राचे शटर सकाळी साडेसातलाच वर गेले आहे, आणि त्याच्याही आधीपासून दारात शेतकऱ्यांची रांग लागलेली आहे. पीक विम्याचे अर्ज भरण्याची मुदत बहुधा याच महिन्याच्या अखेरीस संपत येते. त्याआधीचा जून दाखल्यांचा असतो: उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेअरचा. पावसाळ्याच्या या दोन महिन्यांत केंद्र चालवणारा माणूस सकाळी खुर्चीत बसतो, दुपारी भाकरी खाण्यापुरता उठतो, आणि पुन्हा बसतो तो रात्रीपर्यंत.

"मान लई आखडलीय, दादा, अन् रातच्याला उजव्या हाताला मुंग्या यायल्यात," असे तो सांगतो. वय 34 वर्षे. वडिलांनी उभा जन्म कापूस वेचण्यात आणि सोयाबीन काढण्यात घालवला, त्यामुळे या दुखण्याला घरात फारशी दाद मिळत नाही. "सावलीत बसून काम, त्यात काय दुखायलंय?" हे त्याला आईही विचारते आणि पारावरची मंडळीही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर नीट दिले गेले पाहिजे, कारण ते मिळत नाही म्हणूनच हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

मराठीत ओझ्याने अंग मोडून येते आणि बसून ते अवघडते. दोन्ही दुखणीच, पण त्यांसाठी शब्द वेगळे आहेत, आणि हा भेद शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरा आहे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेवर भार पडतो, त्याने तिचे नुकसानही होते. परंतु तिचा स्नायू आवळतो तसा सैलही होतो, आणि प्रत्येक सैलावण्याबरोबर त्यात ताजे रक्त खेळते. संगणकाच्या पडद्याकडे मान काढून बसलेल्या माणसाच्या मानेमागचे आणि खांद्यावरचे स्नायू मात्र तासन्‌तास थोडेसे आवळलेलेच राहतात. हा जोर इतका कमी असतो की तो जाणवतही नाही. तरीही त्यात सुटका नसल्यामुळे स्नायूतील बारीक रक्तवाहिन्या दबून राहतात, प्राणवायू कमी पोहोचतो आणि संध्याकाळपर्यंत तो भाग दगडासारखा होतो. मणक्यांमधील चकत्यांचेही तसेच आहे. प्रौढ वयात त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; आजूबाजूच्या ऊतींमधून जे झिरपत येते त्यावरच त्यांचे पोषण होते, आणि त्यासाठी त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होत राहावा लागतो. एकाच जागी खिळलेल्या पाठीत तो कमी-जास्त होत नाही.

डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते साडेपाच किलो असते. ते खांद्यांच्या सरळ वर असेपर्यंत मणका ते सहज पेलतो. 2014 साली अमेरिकेतील एका मणक्याच्या शल्यविशारदाने गणिती प्रतिमानावरून असा हिशेब मांडला होता की, मान 15 अंश झुकली तर तिच्यावर येणारा भार सुमारे 12 किलोइतका आणि 60 अंश झुकली तर सुमारे 27 किलोइतका होतो. हे आकडे प्रत्यक्ष माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत, म्हणून ते काटेकोर समजू नयेत. पण भरलेली घागर छातीशी धरणे आणि तीच हात लांब करून धरणे यांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याला त्यामागचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

(दृश्य: आडतीचे जुने दुकान. गादी, लोड, उतरते लाकडी डेस्क.)

बसून लिहिणाऱ्यांचे हे दुखणे संगणकाबरोबर आलेले नाही. 1713 साली इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या विकारांची तीन कारणे नोंदवली आहेत: सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारे अखंड चालणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांनंतर या गाळ्यात तिन्ही कारणे जशीच्या तशी हजर आहेत. तिसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गट क्रमांकात किंवा बँक खात्याच्या क्रमांकात एक अंक चुकला तर एखाद्या कुटुंबाची नुकसानभरपाई अडकू शकते, हे केंद्रचालक जाणून असतो. म्हणून अंक टिपताना तो श्वास रोखतो, दात आवळतो, आणि त्याचे खांदे नकळत कानांकडे चढतात.

मोंढ्यावरच्या जुन्या आडतीत मुनीम जिथे बसत असे ती जागा आजही कुठे कुठे पाहायला मिळते. पाठीशी लोड, खाली गादी, आणि पुढ्यात उतरत्या फळीचे बुटके लाकडी डेस्क. त्या उतारामुळे चोपडी आपोआप डोळ्यांकडे उचलली जात असे आणि मान कमी वाकत असे. लोडामुळे कमरेचा बाक मोडत नसे. मांडी घालून दिवसभर बसणे गुडघ्यांना सोसते असे मुळीच नाही, आणि ती बैठक परत आणावी असेही आम्हाला सुचवायचे नाही. परंतु हत्यार आणि शरीर यांचे माप जुळले पाहिजे, ही जाण त्या बैठकीत होती. त्याच दुकानात नंतर संगणक आला तेव्हा तो जे टेबल रिकामे होते त्यावर ठेवला गेला आणि जी खुर्ची हाताशी होती ती त्यापुढे ओढली गेली. इथे आमचा आक्षेप आहे.

(दृश्य: केंद्रातील टेबल, मोजपट्टी.)

या केंद्रातील टेबल जमिनीपासून 75 सेंटिमीटर उंच आहे, आणि बहुतेक टेबले इतकीच असतात. खुर्ची प्लास्टिकची, न वर होणारी न खाली होणारी. मध्यम उंचीचा माणूस तिच्यात बसला की त्याचे कोपर टेबलाच्या पातळीच्या बरेच खाली राहते, म्हणून कळफलकावर हात ठेवण्यासाठी त्याला खांदे उचलावे लागतात आणि ते दहा-बारा तास उचललेलेच राहतात. वर मनगट टेबलाच्या धारेवर टेकते. तळहाताच्या मुळाशी हाडे आणि चिवट पट्टा यांनी बनलेली एक अरुंद वाट आहे. तिच्यातून बोटांचे नऊ स्नायुबंध आणि एक मोठी मज्जातंतू जाते. मनगट वाकवून, दाबून दीर्घकाळ काम केले की तिथे दाब वाढू शकतो, आणि मग अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना रात्री मुंग्या येतात. करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येत असतील तर शोध बहुधा कोपरापाशी घ्यावा लागतो, कारण टेबलाच्या धारेवर कोपर टेकवून बसण्याची सवय पुष्कळांना असते.

दोष टेबल-खुर्चीपाशी संपत नाहीत. समोर बसलेल्या शेतकऱ्याला आपला अर्ज दिसावा म्हणून पडदा तिरका ठेवलेला आहे. त्यामुळे चालकाची मान दिवसभर डावीकडे वळलेली असते. कळफलकाशेजारची जागा बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राने आणि पावतीपुस्तकाने व्यापली आहे, म्हणून माउस दूर गेला आहे आणि उजवा हात सतत लांबवलेला आहे. सातबारा, आधार कार्ड, पासबुक हे सारे टेबलावर सपाट पडलेले, त्यामुळे प्रत्येक आकड्यासाठी मान एकदा खाली आणि एकदा वर. आणि ज्या शेतकऱ्याचा मोबाइल घरी मुलाकडे राहिलेला असतो, त्या मुलाला फोन लावून "ओटीपी सांग रे बाबा" असे विचारताना फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला असतो. मानेला यापेक्षा वाईट वागणूक क्वचितच मिळत असेल.

यातले काय बदलता येते? नवीन, उंची बदलणारी खुर्ची मिळाली तर उत्तमच, पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही. आमच्या चित्रीकरणाच्या दोन दिवसांत या गाळ्यात जे बदल झाले त्यांना लागलेले सामान असे होते: घट्ट घडी घातलेली एक सतरंजी, चार विटा, एक फळी, एक टॉवेल आणि दोन जाड जुनी रजिस्टरे. सतरंजीमुळे बसण्याची जागा उंच झाली, कोपर कळफलकाच्या पातळीला आले आणि खांदे खाली उतरले. जागा उंचावल्याने पाय अधांतरी झाले, म्हणून त्यांच्याखाली विटांवर फळी ठेवली. तळवे पूर्ण टेकले आणि मांडीखाली खुर्चीच्या कडेचा दाब राहिला नाही. टॉवेलाची गुंडाळी कमरेच्या खोलगट भागात, लोडाच्या जागी बसली. पडदा नाकासमोर आला, हातभर अंतरावर. आणि रजिस्टरांवर चढवल्यामुळे त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली आली. ज्यांना दुहेरी भिंगाचा चश्मा आहे त्यांनी मात्र पडदा आणखी खाली ठेवावा, अन्यथा खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी उचलून बसावे लागते आणि मानेचे दुखणे उलट वाढते. कागदांसाठी परीक्षेला वापरतात तो पुठ्ठ्याचा पॅड पडद्याला टेकवून उभा केला, आणि मुनिमाच्या डेस्काचा उतार या टेबलावर परत आला. शेतकऱ्याला अर्ज दाखवायचा असेल तेव्हा पडदा वळवावा आणि लगेच सरळ करावा.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची अडचण निराळी आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले असल्यामुळे हात सुखात असतील तर मान वाकते, आणि मान सरळ असेल तर हात वर टांगले जातात. वेगळा कळफलक व माउस जोडून लॅपटॉप उंचावर ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि लातूर-नांदेडकडे खोली घेऊन राहणाऱ्या, पलंगावर पालथे पडून तासन्‌तास व्याख्याने पाहणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी फीच्या हिशेबात या खर्चालाही जागा द्यावी अशी आमची विनंती आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इतके सगळे जुळवल्यानंतर माणूस त्याच उत्तम बैठकीत सलग चार तास बसला, तर त्याची पाठ पुन्हा अवघडेल. 'ताठ बस' हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. पण ताठ बसणेही दीर्घकाळ केले तर शिक्षाच ठरते. शरीराला एक आदर्श बैठक नको असते, त्याला बदल हवा असतो. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उठणे आवश्यक आहे, आणि रांग दारात उभी असताना हे सांगणे किती अवघड आहे याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. "उठलो की लोक म्हणतेत, साहेब कुठं चालले," असे चालक म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खरे आहे.

उपाय कामातच सापडला. प्रिंटर आजवर त्याच्या उजव्या हाताशी होता. तो दाराजवळच्या फळीवर नेऊन ठेवला. आता प्रत्येक पावतीसाठी त्याला उठून चार पावले जावे लागते, आणि पावती आणायला उठलेल्या माणसाला रांगेतला कोणी अडवत नाही. दुसरी संधी संकेतस्थळ स्वतःच देते. मुदत जवळ आली की सर्व्हर डाऊन होणे ही या भागातली नित्याची गोष्ट आहे. पडद्यावर गोल फिरत राहते आणि चालक त्या गोलाकडे डोळे लावून, मान पुढे काढून बसून राहतो. तेवढ्या वेळात उभे राहावे, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकावे, हनुवटी सरळ मागे ओढून क्षणभर धरावी, खांद्यांची पाती मागे जवळ आणावीत आणि दारातून दूरच्या झाडाकडे पाहावे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात, म्हणून दर 20 मिनिटांनी सुमारे सहा मीटरपलीकडे 20 सेकंद नजर न्यावी, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. पाणीही पुरेसे प्यावे. केंद्रावर काम करणाऱ्या कित्येक मुली स्वच्छतागृह जवळ नसल्यामुळे दिवसभर पाणी टाळतात. तो प्रश्न त्यांच्या सवयीचा नाही, सोयीचा आहे, आणि तो गाळा भाड्याने घेतानाच विचारात घेतला गेला पाहिजे.

स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. डेन्मार्कमधील कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रबरी पट्टा ओढून खांद्यांचा व्यायाम दररोज केवळ दोन मिनिटे, दहा आठवडे केल्यानेही मान आणि खांद्याचे दुखणे कमी झाल्याचे आढळले.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि चमक काढणारेही गावोगावी आहेत. साधी चमक बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते, म्हणून श्रेय कोणालाही मिळते. पण मानेला झटका देऊन ती 'मोकळी' करून घेणे धोक्याचे आहे, ते कोणाकडूनही करून घेऊ नये. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणे जठराला आणि मूत्रपिंडाला महागात पडते. हातापायातील ताकद कमी होत असेल, मुंग्या सतत राहत असतील, दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचावे. त्यासाठी एक रात्रही वाट पाहू नये.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. तेच शटर.)

रांग कालच्याइतकीच आहे. पहिला अर्ज भरून होतो, दाराजवळ प्रिंटर घरघरतो आणि केंद्रचालक खुर्चीतून उठतो. "राहू दे की, मी देतो आणून," असे रांगेतले एक काका पावतीकडे हात करत म्हणतात. "नको काका, मलाच उठू द्या," असे म्हणून तो फळीपर्यंत चालत जातो, पावती त्यांच्या हातात देतो, खांदे एकदा मागे घेतो, आणि पुढच्या माणसाचे आधार कार्ड घेऊन जागेवर येतो.