एक जॅक, एक स्टेपनी आणि चार टायरचं एकच चक्र

[कॅमेरा पुढच्या टायरवर, खाचा दिसतील इतक्या जवळ]

नमस्कार. हा पुढचा टायर बघा. आणि हा त्याच गाडीचा मागचा. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, पण पुढच्याच्या खाचा बऱ्याच उथळ झाल्यात. असं का होतं? या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. इंजिनचं वजन त्यांच्यावरच, वळायचं काम त्यांच्याकडे, आणि ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो तोही तेच झेलतात. मागचे टायर त्या मानाने नुसते सोबत चालतात.

म्हणून साधारण दर ८,००० ते १०,००० किलोमीटरनंतर टायरच्या जागा बदलायच्या. हे घरी करता येतं. चार स्टँड किंवा लिफ्ट लागते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण गाडीसोबत मिळालेला जॅक, पाना आणि स्टेपनी यांच्यावर भागतं. कसं, ते आज दाखवतो.

आधी कुठला टायर कुठे जाणार ते ठरवू. नियम एकच लक्षात ठेवा: इंजिन ज्या चाकांना फिरवतं तिथून निघालेला टायर सरळ जातो, आणि तिथे येणारा टायर तिरका येतो. म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा डावा सरळ मागे डावीकडे, मागचा डावा तिरका पुढे उजवीकडे, पुढचा उजवा सरळ मागे, आणि मागचा उजवा तिरका पुढे डावीकडे.

आता हे कागदावर बाणांनी काढा. बाण फिरत फिरत चारही चाकांवरून जाऊन निघालो तिथेच परत येतात. सगळं मिळून एकच चक्र आहे! मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच चक्र उलटं फिरतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण चक्र एकच असेल तर एका वेळी एकच कोपरा उचलून काम होतं. एक जागा स्टेपनीने धरून ठेवायची, बस.

पण त्याआधी टायरची बाजू बघा. तिथे बाण असेल तर तो टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलाय. त्याला तिरकं नेता येत नाही, डाव्या बाजूचे डावीकडेच पुढे-मागे होतात आणि उजव्या बाजूचे उजवीकडे. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर पुढे-मागे करायचंच नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीसाठी मॅन्युअल उघडा.

[गाडीचा डावा भाग पूर्ण दिसतो]

जमीन सपाट आणि कडक हवी. उतार, माती, भुसभुशीत जागा अजिबात नको. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जो कोपरा उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. प्रत्येक टायरवर खडूने त्याची आत्ताची जागा लिहा. तिसऱ्या चाकापर्यंत डोक्यात गोंधळ होतोच.

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करा, पाव वळसा पुरे. गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवर डुलते. जॅक कुठे लावायचा? दरवाज्याखालच्या पत्र्याच्या कडेला बहुतेक गाड्यांत खुणा असतात, पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे. भलतीकडे लावला तर पत्रा दबतो.

गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून दरवाज्याखाली सरकवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक काढलं की ते खाली सरकवा, मग स्टेपनी बाहेर काढून बसवा. प्रत्येक कोपऱ्यावर हेच: काहीतरी खाली असल्याशिवाय चाक काढायचं नाही. आणि हात, पाय, डोकं, काहीही गाडीखाली घालायचं नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

आता क्रम ऐका. मागे डावीकडे स्टेपनी बसली, तिथला टायर हातात आला. तो पुढे उजवीकडे. तिथून निघालेला मागे उजवीकडे. तिथून निघालेला पुढे डावीकडे. आणि पुढचा डावा मागे डावीकडे, स्टेपनीच्या जागी. पाच वेळा गाडी उचलली, काम झालं. बारीक स्टेपनी असेल तरी चालतं, कारण ती फक्त उभ्या गाडीखाली आहे. बाणवाल्या टायरना प्रत्येक बाजूला तीनदा उचलावं लागेल.

[टायर हातात घेऊन]

इथे घाई करू नका. टायर असा हातात क्वचितच येतो. मधोमध झिजलाय? हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्यात? हवा कमी. एकाच कडेने खाल्लाय? अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, बिघडलंय, ते आधी नीट करा, नाहीतर तीच जागा दुसराही टायर खाणार. टायरवर जागोजागी खड्डे हाताला लागत असतील तर शॉक अॅब्सॉर्बर तपासा. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. टायर त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला, त्याची जागा बदलून उपयोग नाही.

आणखी एक. पुढच्या-मागच्यात फार फरक पडला असेल तर अदलाबदल करू नका. जास्त खाचांचे टायर मागेच असू द्या. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरणं फार अवघड जातं. म्हणूनच हे काम वेळेवर करायचं.

चाक बसवण्याआधी हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने काढा. नट आधी हाताने फिरवा, आटे सहज धरले पाहिजेत. आट्यांना तेल किंवा ग्रीस नको, त्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, ओळीने नाही.

किती आवळायचे? मॅन्युअलमध्ये आकडा असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. पान्यावर उभं राहण्याची गरज नाही. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, मिळाला तर तोच वापरा.

आता हवा. पुढची आणि मागची वेगळी सांगितलेली असेल तर टायर हलले तसे आकडेही बदला. हवेचा सेन्सर असलेल्या काही गाड्यांना नव्या जागा पुन्हा ओळखाव्या लागतात, तेही मॅन्युअलमध्ये आहे.

किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. आणि ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर गाडी उभी करून सगळे नट पुन्हा एकदा तपासा.