न मानणाऱ्याने पोथी का उघडावी?

(दापोलीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय छापून आला आणि लगेच मला दोन फोन आले. पहिले गृहस्थ म्हणाले, वेद आणि गीता ही भगवंताची वाणी, तिचा उपयोग काय असं विचारणारे तुम्ही कोण? दुसरा फोन आमच्या चळवळीतल्या जुन्या मित्राचा. पोथ्यापुराणांतून माणसं बाहेर काढण्यात आयुष्य गेलं आणि आता तूच पोथी घेऊन उभा राहतोस, असं त्याचं म्हणणं. दोघांनाही मी एकच विचारलं: शेवटची पोथी उघडून वाचलीत कधी? पहिल्यांच्या देवघरात ती आहे, तिला रोज हळदकुंकू वाहिलं जातं. दुसऱ्याच्या घरात ती नाहीच. वाचलेली मात्र दोघांनीही नाही. माझं आजचं गाऱ्हाणं आहे ते या न वाचण्याबद्दल. ग्रंथ देवाने दिला की माणसाने लिहिला, हा वाद मी सोडवणार नाही. माझ्यापुरतं सांगतो, मी तो माणसाने लिहिला असंच मानतो. आणि तसं मानणाऱ्याने तो जास्त वाचायला हवा, हे मला मांडायचं आहे.

आधी एक विचारतो. शाळेत ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ पाठ केलेल्यांनी हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह! ‘तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी’ म्हणताना आपली मान ताठ होते. आता, ज्यांनी हा ग्रंथ देवाचा म्हणून वाचला त्यांनी हात वर करा. एकही नाही. कारण ही ओवी ख्रिस्तपुराणातली आहे. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंघातला पाद्री, १५७९ साली गोव्यात आला, आपल्या या किनारपट्टीची भाषा शिकला आणि १६१६ साली त्याने राशोलला अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं पुराण छापलं. नवख्रिस्ती लोकांना बायबल कळावं हा त्याचा हेतू. पहिल्या छापाची एकही प्रत आज उरलेली नाही. जे उरलं ते हस्तलिखितांत, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. तर मंडळी, ज्या धर्मावर आपला विश्वास नाही त्याच्या ग्रंथातली ओवी आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दुसऱ्याच्या धर्मग्रंथाशी आपण इतक्या मोकळेपणाने वागू शकतो. मग आपल्याच ग्रंथापाशी आलो की एक तर हात जोडायचे नाहीतर पाठ फिरवायची, हे दोनच पर्याय कसे उरतात?

आता आपलाच घेऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अक्षसूक्त. त्यात देवाची स्तुती शोधायला जाल तर एक जुगारी भेटेल. तो म्हणतो, सासू माझा राग करते, बायको दाराबाहेर ठेवते. विकायला काढलेल्या म्हाताऱ्या घोड्याला जी किंमत तीच मला. आई, बाप, भाऊ सगळे म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. रोज ठरवतो की आज जायचं नाही, आणि फासे खळखळले की पाय तिकडेच वळतात. फासे कसले, तर बेहड्याच्या बियांचे. आपल्या डोंगरात जो बेहडा आहे, त्रिफळा चूर्णात जो पडतो, तोच. पुढे तो म्हणतो, ‘अहस्तासो हस्तवन्तं सहन्ते’, या फाशांना हात नाहीत आणि तरी ते हात असलेल्या माणसाला पाडतात. स्पर्शाला गार आहेत आणि काळीज जाळतात. मंडळी, मोबाइलवर रमी खेळून घर बुडवलेला पोरगा तुमच्याही वाडीत असेल. त्याच्या आईला हे सूक्त कुणी वाचून दाखवलंय? वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे कोणा माणसाने रचलेले नाहीत, असं सांगणाऱ्यांनी नाही दाखवलं, आणि वेद थोतांड आहेत असं सांगणाऱ्यांनीही नाही.

जुगारावरून माझ्या आजोळची गोष्ट आली. जरा लांबेल, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आजोळ खाडीकाठचं. आजोबांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. उभं आयुष्य मुंबईला गिरणीत काढलं, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते, देवळात कधी गेले नाहीत. गिरणी सुटल्यावर गावी आले ते पुन्हा मुंबईला गेले नाहीत. पण आषाढी ते कार्तिकी, चार महिने रोज संध्याकाळी ओटीवर पोथी वाचायचे ते अण्णाच. आवाज खणखणीत, मोडी-बाळबोध दोन्ही अक्षरं येणारा वाडीत दुसरा कोणी नव्हता, आणि बायांनी येऊन सांगितलं, अण्णा, वाचा. ते वाचायला लागले. श्रीधराचा पांडवप्रताप, शिळाछापाची प्रत, लाल फडक्यात बांधलेली. बाहेर पागोळ्या लागलेल्या, आत कंदील, भाताची लावणी आटोपून आलेल्या बाया भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पोरं.

अण्णांची एक रीत होती. अध्याय संपला की पोथी मिटायची नाही. चष्मा काढायचा आणि विचारायचं. द्यूताच्या दिवशी त्यांनी विचारलं, द्रौपदी भर सभेत विचारते आहे की आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क उरतो का, आणि एवढे मोठे भीष्म म्हणतात की धर्म सूक्ष्म आहे, सांगता येत नाही. भीष्मांना खरंच कळत नव्हतं? कुणी म्हणालं शाप असेल. कुणी म्हणालं त्यांचं वय झालं होतं. मग कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली. खोताच्या घरी भांडी घासण्यात जन्म गेलेली. ती म्हणाली, “ज्याचा खाल्लान त्याच्यासमोर त्याचा तोंड कसा उघडंल?”

महाभारतात, युद्धाच्या तोंडाशी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला येतो तेव्हा भीष्म स्वतः त्याला सांगतात, ‘अर्थस्य पुरुषो दासः’, माणूस पैशाचा दास, कौरवांनी मला बांधून ठेवलंय. त्या म्हातारीने भीष्मपर्व वाचलेलं नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने भीष्मांना अचूक ओळखलं, कारण दुसऱ्याच्या अन्नावर जगताना जीभ कशी जड होते ते तिला ठाऊक होतं. आणि समोर वाचणारा माणूस देव न मानणारा होता म्हणून तिला भीष्मांबद्दल असं बोलायची मुभा मिळाली. एखाद्या भाविक पुराणिकाने तिला गप्प केलं असतं, असं मला आजही वाटतं.

अण्णा गेले, मागे कोणी नव्हतं, घराला कुलूप लागलं. कोकणात कुलूप लागलेल्या घराचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कौलं सरकायच्या आत पोथ्या हलवल्या पाहिजेत म्हणून आम्ही ती सगळी बासनं एका वाचनालयाला दिली. कुठलं ते सांगत नाही. तिथल्या कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे, पोथ्या पवित्र आहेत, येईल त्याने हाताळायच्या नाहीत, कपाटात ठेवा. दुसरा म्हणे, वाचनालय विज्ञानवादी आहे, पोथ्या समोर मांडल्या तर लोक काय म्हणतील, कपाटात ठेवा. आयुष्यात एकदाच या दोन तटांचं एकमत झालेलं मी पाहिलं. कपाटाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणाला माहीत नाही. काही वर्षांनी मी फारच मागे लागलो तेव्हा ते उघडलं. कसर लागली होती. बासनं उचलली तशी हातात भुगा आला. वरच्या दोन पोथ्या धडक्या राहिल्या होत्या, त्यांतली एक पांडवप्रताप.

तिच्या समासात अण्णांचं पेन्सिलीचं अक्षर होतं. एका ठिकाणी ‘पाऊस फार, आज वाचन नाही’. एका ठिकाणी ‘गाय व्याली’. आणि एका अध्यायाच्या शेवटी, जिथे फलश्रुती येते, हा अध्याय भक्तिभावाने ऐकणाऱ्याला संतान होईल अशी, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘अनुभव नाही’. अण्णांना मूलबाळ नव्हतं. आणि त्या नोंदीखाली वेगवेगळ्या सालांच्या तारखा, म्हणजे पुढच्याही चातुर्मासात तोच अध्याय त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलेला. फलश्रुती खोटी ठरली म्हणून त्यांनी ग्रंथ टाकला नाही. ग्रंथ टाकला नाही म्हणून फलश्रुती खरी मानली असंही नाही. असं वाचणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि त्याची पुस्तकं देवभोळ्यांनी आणि विवेकवाद्यांनी मिळून कुजवली, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. जाऊही नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मग जे मांडायचं कबूल केलं होतं ते भरभर मांडतो.

ग्रंथ देवाचा की माणसाचा हा प्रश्न शहरात शिकून आलेल्यांनी काढलेला नाही. मीमांसक, म्हणजे वेदाच्या अक्षराअक्षराला जपणारे लोक, ते म्हणत वेदाला कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. जग निर्माण करणारा ईश्वर कुमारिल भट्टांनी मानलेला नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उलट म्हणत, वेद ईश्वराने रचले. आणि बौद्ध व चार्वाक, म्हणजे वेद न मानणारे, ही दोन्ही मतं खोडून काढत. तेव्हा ‘देवाने सांगितलं’ या एका खुंटीवर ग्रंथाचं सगळं मोल टांगलेलं आहे ही समजूत आपल्याच परंपरेला धरून नाही. गीतेत सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. विचार करायचा तर आधी वाचायला हवं.

दुसरी गोष्ट. त्या अक्षसूक्ताचा ऋषी म्हणून परंपरेत कवष ऐलूषाचं नाव येतं. ऐतरेय ब्राह्मण नावाच्या वैदिक ग्रंथात त्याची कथा आहे. सरस्वतीच्या काठी ऋषी सत्राला, म्हणजे लांब चालणाऱ्या यज्ञाला, बसले होते, त्यांनी कवषाला हाकललं. दासीचा मुलगा, जुगारी, अब्राह्मण, हा आपल्यात कसा? त्याला निर्जल वाळवंटात नेऊन सोडलं आणि म्हणाले, इथे हा तहानेने मरो, सरस्वतीचं पाणी याने पिऊ नये. तिथे कवषाला सूक्त स्फुरलं आणि सरस्वती त्याच्याभोवती वाहत आली. मग ऋषींना त्याला परत बोलवावं लागलं. भाविक यात चमत्कार वाचील. मी वाचतो ते असं की पाणी तोडणारेही या ग्रंथात आहेत, ज्याचं पाणी तोडलं तोही आहे, आणि गोष्ट जपणाऱ्यांना तोडणाऱ्यांचं वागणं लपवता आलेलं नाही.

महाड इथून फार लांब नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ज्यांनी ती जाळली त्यांनी ती वाचली होती, आणि तिच्या बाजूने भांडणाऱ्या बहुतेकांनी वाचली नव्हती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. लहानपणीची काही वर्षं ते याच दापोलीत होते. शूद्र कोण होते यावर १९४६ साली त्यांनी पुस्तक लिहिलं ते चार वर्णांची उत्पत्ती सांगणाऱ्या पुरुषसूक्ताची चिरफाड करत. आणि बुद्धावर लिहायला बसले तेव्हा बौद्ध ग्रंथही त्यांनी तसेच तपासले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही प्रसिद्ध कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारं माणूस पाहिलंच नव्हतं हे पटत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. कथा नाकारली, बुद्ध नाकारला नाही. आयुष्याच्या अखेरीस लाखो लोकांच्या हाती काय द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा त्यांना ग्रंथच द्यावासा वाटला, पण तपासलेला.

याच दापोलीत शाळा शिकलेले पां. वा. काणे. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी पाच खंडांत लिहिला, पहिला १९३० ला, शेवटचा १९६२ ला. हजारो पानं. त्यात पान उघडा, कुठला नियम कुठल्या काळी होता, कोणी मोडला, कोणी बदलला, कुठल्या दोन स्मृतींचं एकमेकींशी पटत नाही, सगळं मांडलेलं. धर्म कधी बदलत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागला की मी त्याला काणे वाचायला सांगतो.

आता मित्राचा शेवटचा प्रश्न, कारण तो खरा प्रश्न आहे. देवाचं नाही म्हटलं तर उरलं काय, साहित्य. मग कादंबरी का वाचू नये? जरूर वाचा. पण कादंबरीच्या आधाराने कोणी कोणाला विहिरीवरून हाकललेलं नाही, विधवेचे केस काढलेले नाहीत, मुलीचा वाटा नाकारलेला नाही. या ग्रंथांच्या नावाने हे झालं आहे. आणि याच ग्रंथांच्या आधाराने ते थांबवायला सांगणारेही उभे राहिले आहेत. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ हे तुकोबांनी म्हटलं ते वेद बाजूला टाकून नव्हे. ज्या पुस्तकावरून तुमचं जगणं ठरलं ते तुम्ही उघडणार नसाल, तर त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला दुसरं कोणीतरी सांगेल, आणि तो त्याच्या सोयीचं सांगेल.

नासदीय सूक्त घ्यायचं राहिलं, ज्यात सृष्टी कशी झाली हे वर बसून पाहणाऱ्याला तरी ठाऊक आहे की नाही, अशी शंका खुद्द ऋषीच काढतो. त्याला एक अख्खी संध्याकाळ लागेल. शेवटच्या एसटीने खाली हर्णैकडे जाणाऱ्यांनी आता निघावं, गाडी थांबत नाही. बाकीच्यांनी बसा, प्रश्न विचारा, आणि ज्यांना माझं पटलेलं नाही त्यांनी आधी विचारा.