पहिली गोळी कुठल्या दिवशी घेतली?

(तासगाव तालुक्यातल्या एका गावात हळदीकुंकवाला एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

वाण देताना तुम्ही माझ्या हातात चिठ्ठ्याही दिल्यात. अक्षर वेगवेगळं, पण बऱ्याच चिठ्ठ्यांत प्रश्न एकच: गर्भनिरोधक गोळी सुरू केली की किती दिवसांनी लागू पडते? त्यावर मी उलट विचारते, गोळी कुठली, आणि पाळीच्या कितव्या दिवशी सुरू केली?

आधी आशाताईंकडची माला-एन बघू. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ संप्रेरकांच्या, उरलेल्या ७ लोहाच्या. पाळी आल्यापासून पहिल्या ५ दिवसांत सुरू केली तर पहिल्या गोळीपासूनच संरक्षण. त्यानंतर कधीही सुरू केली, तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करायची आणि सलग ७ दिवस गोळ्या होईपर्यंत सोबत निरोध वापरायचा.

हे असं का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. द्राक्षाला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, देता ना? तेही झाडाचं संप्रेरकच. घड कुठल्या अवस्थेत आहे ते बघूनच देता. वेळ चुकली तर औषध तेच, पण परिणाम तो नाही. इथंही तसंच. पाळीच्या सुरुवातीला स्त्रीबीज पिकायला अजून वेळ असतो, तेव्हा गोळी त्याला जागेवर थोपवते. उशीर झाला तर बीज बरंच पुढं गेलेलं असू शकतं, आणि बीजकोशाला नीट शांत करायला सलग ७ दिवस लागतात.

अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले ६ महिने माला-एन देत नाहीत. तिच्यासाठी एकाच संप्रेरकाची गोळी असते. ती मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट करते, म्हणून ती उशिरा सुरू केली तरी २ दिवसांची काळजी पुरते. पण ती रोज ठरल्या वेळेलाच घ्यायची.

‘छाया’ निराळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. मग ३ महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि पुढं आठवड्यातून एकदा. हिच्यानं सुरुवातीला पाळी लांबते, आणि मग घरात उगाच कुजबुज सुरू होते!

आता एक गोष्ट जरा जोरात सांगते. गौरी-गणपतीला, नाहीतर वारीला जाताना पाळी पुढं ढकलायची जी गोळी तुम्ही दुकानातून आणता, ती गर्भनिरोधक म्हणून धरू नका. ‘डॉक्टर, गोळी चालू होती तरी राहिलं,’ असं म्हणत बायका येतात, आणि पर्समधून निघते ती हीच.

विसरण्याचं बोलूया. माला-एनची एक राहिली तर आठवताक्षणी घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. सलग दोन राहिल्या की पुन्हा ७ दिवस निरोध. लोहाच्या गोळ्या चुकल्या तर संरक्षणाला धोका नाही. खरा धोका नवं पाकीट उशिरा उघडण्यात. तालुक्याला जायला जमलं नाही, पाकीट संपलं, चार दिवस गेले, आणि तेवढ्यात थोपवलेलं बीज जागं होतं. म्हणून एक पाकीट कायम जास्तीचं ठेवा. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं धरा आणि दुसरी घ्या. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल, रक्तदाब असेल, अर्धशिशी असेल, तर आधी डॉक्टरला सांगा. शेजारणीचं पाकीट उसनं आणू नका.

शेवटची चिठ्ठी एका सासूबाईंची दिसते: ‘गोळ्यांनी पुढं मूल व्हायला अडचण येते का?’ नाही, काकी. उलट बंद केल्यावर पहिल्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. वर्षभर घेतल्यात म्हणून पुढं चार महिने त्यांचा असर राहील, अशा भरवशावर राहू नका.