योना वाचताना हसू कुठे येतं

(दृश्य: वसई, पाचूबंदर. ओहोटी. वाळूत टेकलेल्या होड्या.)

निवेदन: वादळाची गोष्ट या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बायबलमधलं योनाचं पुस्तक मात्र समजावून सांगता सांगता आपण फार गंभीर करून टाकलंय. चार अध्याय, ४८ वचनं. मोठ्यानं वाचलं तर दहाएक मिनिटांत संपतं. तेवढ्यात हसण्याच्या जागा भरपूर.

देव योना या संदेष्ट्याला म्हणतो, निनवेला जा, त्या शहराला इशारा दे. निनवे पूर्वेला, आजच्या इराकमधल्या मोसूलपाशी. योना याफो बंदरात येतो आणि तार्शीशचं जहाज धरतो, म्हणजे पश्चिमेचं. वसईच्या माणसाला नाशिकला धाडावं आणि त्यानं मस्कतचं गलबत गाठावं, तसं. तेही पदरचं भाडं मोजून.

मग वादळ. मूळ हिब्रूत इथे म्हटलंय की आता आपण फुटणार, असं जहाजालाच वाटू लागलं. खलाशी आपापल्या देवांचा धावा करतायत, माल पाण्यात फेकतायत. संदेष्टा कुठे? खाली, जहाजाच्या पोटात, घोरत. त्याला उठवतो तांडेल. ‘ऊठ, तुझ्या देवाला हाक मार’ हे परधर्मी तांडेलानं देवाच्या माणसाला सांगायचं! आणि मासा तर अजून यायचाच आहे.

(दृश्य: रिकामं चर्च. वाचनमंचावर उघडं पुस्तक, शेजारी माईक.)

चर्चमध्ये हे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या वाचकाची चूक होते ती इथेच. सगळं पुस्तक एकाच, अंत्यविधीच्या सुरात वाचलं जातं. उलटी चूक म्हणजे देवासाठी घोगरा आवाज काढणं, योनासाठी रडका. दोन्ही नको. विनोद वाक्यातच आहे. वाचकानं सरळ वाचायचं आणि योग्य जागी थांबायचं. ‘गाढ झोपला होता’ यानंतर एक पूर्ण श्वास. उंच छताच्या चर्चमध्ये दोन, कारण आवाज घुमतो आणि छोटी विश्रांती त्यातच बुडून जाते. पुढे खलाशी योनाला समुद्रात टाकतात, मोठा मासा त्याला गिळतो. माशाच्या पोटातली, दुसऱ्या अध्यायातली प्रार्थना हे स्तोत्र आहे, तिथे खरंच गंभीर व्हायचं. तरच शेवटी मासा योनाला ओकून टाकतो, ते क्रियापद लागतं. त्याला ‘बाहेर सोडलं’ असं सभ्य करू नये.

निनवेत योनाचं प्रवचन हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचं. चाळीस दिवसांनी शहर उलथणार, बस. ना देवाचं नाव, ना पश्चात्तापाची हाक. एवढ्यावर सगळं शहर सुधारतं आणि राजाचा हुकूम निघतो: माणसांनी उपास करायचा, गुरांनीही. माणसांनी गोणपाट पांघरायचं, गुरांनीही. हा तिसरा अध्याय ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर बरोबर आठवड्यानं, मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, वाचतात. गोणपाटातल्या म्हशी डोळ्यांसमोर आणा. तरी कुणी हसत नाही, कारण दिवस उपासाचे आणि सूर ठरलेला.

सवयीनं हसू मरतं ते असं. डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ घ्या. येशूच्या या दाखल्याला मराठी भाषांतरात आयतं यमक मिळालं, मूळ ग्रीकमध्ये ते नाही. पण ती आता म्हण झाली, चित्र पुसलं गेलं. कांडपाचं मुसळ आठवा, हातभर तरी लांब. ते डोळ्यात घेऊन माणूस शेजाऱ्याचं कुसळ काढायला वाकतो. शेजाऱ्याच्या कपाळाला आधी काय लागेल?

(दृश्य: वाडीतला मांडव, त्यावर सुकलेला वेल.)

उपवासकाळातलं ते वाचन तिसऱ्या अध्यायाशी संपतं, आणि खरी गंमत चौथ्यात. शहर वाचलं म्हणून योना चिडतो. सावलीला एक वेल उगवतो, योना खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे किडा वेल कुरतडतो, योना म्हणतो, मला मरण दे. रागावणं बरं आहे का? देव विचारतो. योना म्हणतो, मरेपर्यंत रागावणार. इथे दोन वाक्यांत अंतर ठेवू नये. रुसलेलं पोर असंच ताडकन उत्तर देतं.

शेवटी देवाचा प्रश्न: उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं असलेल्या शहराची मी कीव करू नको? प्रश्न तिथेच संपत नाही. ‘आणि पुष्कळ गुरंही.’ पुस्तक गुरांवर संपतं, योनाचं उत्तर येतच नाही. वाचकानं इथे आवाज खाली उतरवायचा नाही, प्रश्न वरच राहू द्यायचा. वाचन संपल्याचं ठरलेलं वाक्य म्हणण्याआधी तीनपर्यंत मोजायचं. मागच्या बाकांवरून कुणी खुदकन हसलं, तर चारपर्यंत.