गेटच्या आत किती, बाहेर किती

मोटारीच्या नव्या कारखान्याची घोषणा झाली की बातमीत दोन आकडे हमखास असतात: गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती. दुसऱ्या आकड्याची जरा उलटतपासणी करू.

[दृश्य: बॉडी शॉप]

सुट्या पत्र्यांचा सांगाडा इथे उभा राहतो. ठिणग्या भरपूर, माणसं तुरळक. वेल्डिंग बहुतेक रोबोच करतात. पेंट शॉपमध्येही तेच: खर्च अफाट, माणसं मोजकी. म्हणजे जिथे पैसा सर्वांत जास्त ओतला जातो, तिथे नोकऱ्या शोधून उपयोग नाही.

[दृश्य: असेंब्ली लाइन]

माणसं भेटतात ती इथे. डॅशबोर्ड, काचा, सीट. मिनिटाभरात आपल्या वाट्याचं काम उरकायचं, की पुढची गाडी हजर! 1913 मध्ये हेन्री फोर्ड यांच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती लाइन आली आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) जोडण्याचं साडेबारा तासांचं काम काही महिन्यांत 93 मिनिटांवर आलं. पण त्या रटाळ कामावर माणसं टिकेनात. जानेवारी 1914 मध्ये रोजची मिळकत पाच डॉलर झाली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कामगारांच्या कळवळ्यापेक्षा सतत नवी माणसं तयार करण्याचा खर्च त्यामागे जास्त असावा.

[दृश्य: पुरवठादाराचा कारखाना, हार्नेस बांधायचा फळा]

आता गेटबाहेर. बारीकसारीक स्क्रू धरले तर एका गाडीत सुमारे 30,000 भाग असतात आणि त्यांतले बरेचसे बाहेरून येतात. हे वायरिंग हार्नेस बघा, म्हणजे गाडीभर वीज नेणाऱ्या तारांचा जुडगा. फळ्यावरच्या खुंट्यांमधून रंगीत तारा ओढायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर 'टक्' वाजेपर्यंत दाबायचा. तारा कापायला यंत्र आहे. पण त्या लवलवत्या तारांना वळण लावायला अजून हातच लागतात. त्यामुळे यंत्रांवर फारसा खर्च न होताही इथे पाळीला मोठी फौज उभी असते.

सीट बनवणारे सहसा मुख्य कारखान्याच्या शेजारीच येतात, कारण सीट अवजड आणि लाइनवरच्या गाड्यांच्या क्रमानेच पोचवाव्या लागतात. उलट सगळे भाग पेट्यांतून आणून इथे नुसते जोडायचे असतील, तर गेटबाहेर फारसं काही उगवत नाही. म्हणून विचारायचं: सुटे भाग कुठे बनणार? कायम किती, कंत्राटी किती?

विजेच्या गाडीत इंजिन नाही, सायलेन्सर नाही. बॅटरी आहे, पण तिचे सेल बनतात मुख्यतः यंत्रांवर. पिस्टन घडवणाऱ्यांचं काम त्यात जातं. हार्नेसच्या फळ्यासमोरची पाळी मात्र तिथेही लागतेच.