डॉक्टरांची जावा

बाहेर लावलेली मरून रंगाची गाडी बघूनच आत आलात ना सगळे? तिच्याखाली एव्हाना ऑइलचे दोन-तीन थेंब पडले असतील, जाताना जरा पाय जपून टाका. मला विषय दिलाय तो असा, की घरात बटण दाबलं की सुरू होणारी चांगली नवी गाडी असताना मी ही पन्नास वर्षांपेक्षा जुनी, कधी कुठं थांबेल याचा नेम नसलेली जावा का फिरवतो. हे मला घरी पण विचारतात, कॉलेजात पोरं पण विचारतात, आणि आजवर मी 'आवड आहे' म्हणून विषय मिटवायचो, पण आज तुम्ही तासभर दिलाय तर नीटच सांगतो.

आधी गाडी कुणाची ते सांगतो. आमच्याकडे कवठेमहांकाळ ते जत या पट्ट्यात एक गुरांचे डॉक्टर होते. दुष्काळी भाग, वस्त्या लांब लांब, रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि अशा रस्त्यांनी हा माणूस मागं औषधांची पेटी बांधून वर्षानुवर्षं या एका फटफटीवर फिरला. ते रिटायर झाले, नंतर वारले, गाडी कडब्याच्या गंजीमागं एकोणीस वर्षं तशीच उभी. मुलगा पुण्याला, तो भंगारात घालायला निघाला होता. मला कळल्यावर मी गेलो, भंगाराच्याच भावानं त्यानं दिली, फक्त एवढंच म्हणाला, सर, चालू झाली तर एकदा फोनवर आवाज ऐकवा. आठ महिन्यांनी ऐकवला. तिकडून बराच वेळ काही बोलणं आलं नाही.

आता ही गाडी म्हणजे काय चीज आहे ते ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचं डिझाइन विकत घेतलं, यानेचेक आणि वाँडरर मिळून जावा. (मी जावा आणली म्हटल्यावर आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, कुणाच्या जावा?) आपल्याकडे मुंबईच्या इराणी आडनावाच्या कुटुंबानं म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना काढला, १९६१ ला तिथून गाड्या निघायला लागल्या, १९७३ पासून टाकीवर येझदी नाव आलं, आणि १९९६ ला कारखान्याला टाळं लागलं. म्हणजे मी जिच्याबद्दल बोलतोय ती गाडी ज्यांनी बनवली ते दारच बंद झालेलं आहे. आता जावा आणि येझदी ही नावं नव्या कंपनीनं परत आणली आहेत, पण ती गाडी वेगळी, इंजिन वेगळं.

इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा पेट्रोल जळणारं, अडीचशे सीसीच्या आसपास, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूला एकेक. आणि सगळ्यात गंमत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच! तो आत दाबायचा, वर फिरवायचा, की किक झाली, किक मारून खाली आणला की तोच गिअर. पहिल्यांदा बघणारा माणूस किक शोधत गाडीभोवती फिरतो. चावी म्हणजे साधा खिळ्यासारखा दांडा, हेडलाइटमध्ये दाबून बसवायचा. इलेक्ट्रिक सहा व्होल्टची, त्यामुळं रात्री इंजिन मंद झालं की लाइटही मंद होतो, कंदील घेऊन चालल्यासारखं वाटतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, मी लिटरला चाळीस मिली टाकतो, कारण क्रँकला, पिस्टनला जे काही वंगण मिळायचं ते त्या पेट्रोलबरोबरच मिळतं.

ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात घ्या, तिच्यामुळं गाडी चालवायची पद्धतच बदलते. चार-स्ट्रोक गाडीत वंगणाचं ऑइल वेगळं असतं, तिच्यावर घाट उतरताना आपण अॅक्सिलरेटर बंद करून इंजिनच्या ब्रेकवर निवांत येतो, इथं तसं फार वेळ केलं तर पेट्रोल जात नाही म्हणजे ऑइलही जात नाही आणि इंजिन मात्र फिरतंच आहे, म्हणजे कोरडं घासतंय. म्हणून मधून मधून क्लच दाबून मूठ जराशी पिळायची, तिला एक घोट पाजायचा, मग पुढं. आणि चढाला उलटं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा, अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे मी अकरावीला फळ्यावर शिकवतोच, पण घाटात ताणून नेली आणि आवाज जरा घट्ट झाला, म्हणजे पिस्टन धरायला लागलाय हे कळलं, की ते फळ्यावरचं गणित थेट मांडीखाली येतं. तिथं थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं झाडाखाली बसायचं.

मला हे ऐकायला शिकवलं मिरजेच्या एका मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मिरज म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, सतार-तंबोऱ्यांचं गाव, आणि चाचांच्या घरातले काही लोक त्याच कामात, चाचा एकटे फटफट्यांकडे वळलेले. एकदा गाडी फार मिसिंग मारायला लागली म्हणून नेली, तर त्यांनी पॉइंट काढले. पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठिपके, एकमेकांना टेकतात आणि सुटतात, सुटले की कॉइलमध्ये जोर तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते, बास. चाचांनी ते तळहातावर घेऊन मला दाखवले, एका ठिपक्यावर खड्डा पडलेला आणि समोरच्यावर तेवढीच टेकडी, म्हणजे वर्षभरात इकडची धातू उडून तिकडं जाऊन बसलेली. मग पॉलिश पेपरची बारीक पट्टी घेऊन ते घासायला लागले. घासणं म्हणजे काय, दोन बोटांनी, जेमतेम स्पर्श, चार वेळा घासायचं, उजेडाला धरायचं, परत चार वेळा. मी म्हटलं, चाचा, अजून किती? तर म्हणाले, "सर, जवारीचं काम बघितलंय का कधी? तारांखालची घोडी घासतात ना तंबोऱ्याची, एक हात जास्त गेला की सूर मेला. हे पण तसंच." मग पॉइंट बसवले, अंतर नजरेनं ठेवलं, किक मारली, डोळे मिटून ऐकलं, स्क्रू केसभर फिरवला, परत ऐकलं. घरी येऊन मी माझ्या फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यानं, मोजलं. ०.४ मिलिमीटरची पाती अलगद गेली, पुढची जाड पाती गेली नाही. ०.४ च पाहिजे असतं. त्या दिवशी मी भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून जेवढा आनंदलो तेवढा कुठल्या प्रयोगशाळेत आनंदलेलो नाही.

आता आंबा घाट. मे महिना, रत्नागिरीहून परत येत होतो, साखरपा सोडून घाट चढायला लागलो आणि निम्म्यात गाडी बंद. दहा मिनिटं थांबलो, सुरू झाली. दीड-दोन किलोमीटर गेली, परत बंद. परत थांबलो, परत सुरू, परत बंद. मला वाटलं पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेला, कारण तापला की बंद आणि गार झाला की सुरू हे त्याचंच लक्षण, तर झोळीतला स्पेअर काढून बदलला. तेच. प्लग बदलला, करंट बघितला, निळी कडक ठिणगी. पॉइंट ठीक. दोन तास गेले, घामानं निथळलो, आणि तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक शेतकरी थांबला, भारा उतरवला, बसला, बराच वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, टाकीचं झाकण उघडून बघितलंत काय? माझ्या पॉवर टिलरचं असंच झालेलं. मी झाकण फिरवलं आणि आतून सुस्स करून हवा आत ओढली गेली. आदल्या आठवड्यात मी झाकणाचा वायसर जुन्या ट्यूबमधून कापून बसवला होता आणि त्याला हवेचं भोक पाडायचं माझ्याकडून राहिलं होतं. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा यावी लागते, ती येईना, आत पोकळी तयार झाली की पेट्रोल थांबायचं, उभं राहिल्यावर हळूहळू थोडी हवा कुठून तरी शिरायची आणि दोन किलोमीटरपुरतं पेट्रोल उतरायचं. त्यानं खिशातून दाभण काढलं, वायसरला भोक पाडलं. त्या माणसाला मी आंब्यापर्यंत मागं बसवून नेलं, भारा मांडीवर घेऊन बसला होता, आणि चहाचे पैसे पण त्यानंच दिले.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवतो. नवी गाडी घेतली ती २०२० नंतरची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, बीएस-सिक्सवाली, फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, सगळं. चार वर्षांत एकदाच थांबली. एकदाच! बारावीच्या पेपरला सुपरव्हिजन होतं, अंकली पुलाच्या अलीकडे मीटरमध्ये पिवळा दिवा लागला आणि गाडी गप्प झाली. मी उतरलो, खाली वाकलो, आणि मला कळेचना की हात लावू कशाला. सगळं प्लास्टिकनं झाकलेलं, आवाज नाही, वास नाही, ओला प्लग नाही. टेम्पोत घालून नेली, तिथल्या पोरानं लॅपटॉपची वायर जोडली, कोड बघितला, एक सेन्सर बदलला, अर्ध्या तासात गाडी हातात. काय झालं होतं विचारलं तर म्हणाला, सेन्सर गेलेला. का गेला? त्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत असायची गरजही नव्हती. पोरगा चांगला होता, काम चोख केलं, माझी काही तक्रार नाही. पण घरी येताना मला असं वाटत राहिलं, की ही माझी गाडी आहे आणि हिच्याशी माझी ओळखच नाही.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हाची तिची जाहिरात तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, फिल इट, शट इट, फर्गेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. आणि येझदीची जाहिरात होती, फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू. बाजारात कोण जिंकलं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते बरोबरच झालं, कारण ज्या माणसाला सकाळी सहाला दूध घालायला जायचंय त्याला पॉइंट घासायला वेळ नसतो, त्याला विसरता येणारीच गाडी पाहिजे. पण मला जी पाहिजे ती विसरता न येणारी. भरवसा हा शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, बंद पडणार नाही याचा भरवसा. मला जावावर जो आहे तो दुसरा आहे. ती थांबेल, पण का थांबली ते मला कळेल, मला नाही कळलं तर चाचांना कळेल, नाहीतर आंबा घाटात भारा घेऊन चाललेल्या माणसाला कळेल. हवा, पेट्रोल, ठिणगी, बहुतेक वेळा या तिघांपैकीच कुणीतरी रुसलेलं असणार.

हेही सांगून टाकतो, की टू-स्ट्रोकचा धूर वाईटच. त्या इंजिनाची रचनाच अशी, की नवं मिश्रण आत येताना जळालेला धूर जायची वाटही उघडीच असते, तर थोडं न जळालेलं पेट्रोल सरळ बाहेर जातं. शहरातल्या गर्दीत लाख-लाख अशा गाड्या नसाव्यात, नियम कडक झाले ते योग्यच झालं. मी जावा रविवारी काढतो आणि रोज नवीवर जातो. वडिलांना रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा नवीच काढली, एक सेकंद विचार केला नाही.

आता शेवटचं. गाडी चालू झाल्यावर पहिल्या मोठ्या फेरीला मी जतकडे गेलो, डॉक्टर ज्या वस्त्यांवर जायचे त्या बाजूला. एका वस्तीवर पाणी प्यायला वळलो, बाभळीखाली अजून गाडी बंद केली नव्हती, तोवर घरातून काठी टेकत एक म्हातारे बाहेर आले. डोळ्यांना दिसत नव्हतं फारसं. लांबूनच म्हणाले, "डाक्टर आलं व्हय?" मी सांगितलं, डॉक्टर नाहीत आता, गाडी त्यांचीच आहे. ते काही बोलले नाहीत, चालत जवळ आले, हात पुढं करून टाकी चाचपली, टाकीच्या बाजूचे रबरी पॅड चाचपले. मग सांगायला लागले, गाय आडली होती, मध्यरात्र, पाऊस, आणि लांबून हाच आवाज येताना ऐकून घरातली सगळी रडायची थांबली होती. कालवड जगली, तिच्या पोटच्या गाई अजून दावणीला आहेत. मी चावीकडं हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या की," म्हणाले, "बंद नका करू एवढ्यात."